पेरूच्या पिशवीत गेलेली कवळी

मित्रांनो, आधीच नाकं मुरडू नका. मी एक जुनी कवळी आहे, आणि ज्या तोंडात माझं आयुष्य गेलं त्या तोंडाबद्दल माझं मत तुमच्याहून बरं नाही. तशा आम्ही दोघी आहोत, वरची आणि खालची. पण खालची नुसती हलते. बोलायचं काम माझं.

माझा जन्म नोगालेसचा. या गावाच्या मधोमध सरहद्दीचं कुंपण आहे. अलीकडे अमेरिका, पलीकडे मेक्सिको, नाव दोन्हीकडे तेच. माझा मालक फाउस्तिनो राहतो अमेरिकेच्या बाजूला, पण केस कापायला, बुटाचा तळ बसवायला, रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दर शनिवारी पायी पलीकडे जातो. दातही तिकडचेच. इकडच्या दंतवैद्याचा आकडा ऐकून म्हाताऱ्याचा वासलेला आ मिटता मिटेना, तेव्हा तो पलीकडे गेला. तिथल्या कारागिराने माझा एकेक दात दिव्यापाशी धरून घासला आणि म्हणाला, "घ्या आजोबा, भाजलेला मका खा आता."

मका कसला खातोय! हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात. आमच्या हत्तीला फक्त दाखवायचेच दात हवे होते. सकाळी आरशासमोर मिशीला तेल लावायचं आणि मला पुढे करून हसायचं. सत्तरी उलटली तरी हौस फिटली नव्हती. आणि हे सगळं कुणासाठी, तर पलीकडे टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, भाजून विकणाऱ्या एर्मेलिंदाबाईंसाठी. बाई विधवा, हात पिठात, जीभ तिखट. तिला याने पहिल्याच भेटीत ऐकवलं, "दात? माझेच हो, जन्माचे!" मी तोंडातच होते. लाज वाटली, पण मला विचारतो कोण?

शेवटी एका शनिवारी याने तिला लग्नाचं विचारलं. बाई म्हणाली, "आधी घर बघते, मग सांगते." सरहद्द ओलांडायचं कार्ड तिच्याकडे होतंच. पुढच्या शनिवारी ती पाहुणी म्हणून निघाली आणि भेट म्हणून परसातल्या पेरूंची कागदी पिशवी घेऊन आली. सरहद्दीवरच्या तपासणीच्या रांगेत उभं राहिल्यावर याला आठवलं.

"अहो, पेरू नेऊ देत नाहीत अमेरिकेत! काढून घेतात."

"मग खाऊ या की. माझे पेरू मी कचऱ्यात जाऊ देणार नाही."

त्या रांगेत सगळे तेच करतात. टाकण्यापेक्षा पोटात गेलेलं बरं. आमच्या म्हाताऱ्याने ऐटीत पेरू चावला, आणि बिया शिरल्या माझ्या आणि हिरडीच्या मध्ये. ज्यांच्या घरी कवळी असेल त्यांना विचारा, पेरूची बी म्हणजे काय यातना! डोळ्यांत पाणी आलं तसा हा पाठ फिरवून खोकल्यासारखं करत आम्हा दोघींना बाहेर काढू लागला. नेमकी तेवढ्यात बाई वळली. भित्रा कुठला! घाईघाईत त्याने आम्हाला रुमालाऐवजी हातातल्या पेरूच्या पिशवीतच टाकलं. आम्ही घसरून थेट तळाशी गेलो.

आणि तेवढ्यात त्याचा नंबर आला.

"पिशवीत काय?" अधिकाऱ्याने विचारलं. पिशवी उघडून वरचे पेरू पाहिले आणि सरळ पिंपात टाकली. पिशवी फाटली आणि मी पडले कुणाच्या तरी जप्त झालेल्या डुकराच्या सॉसेजवर. फाउस्तिनो एक शब्द बोलला असता तर मी सुटले असते. पण तिच्यासमोर बोळकं उघडायचं? त्यापेक्षा कवळी गेली तरी चालेल!

"आणखी काही आणलंय?"

याने नकाराची मान हलवली.

"तोंडाने बोला, आजोबा."

ओठ घट्ट. अधिकाऱ्याला संशय आला. "तोंडात काय लपवलंय? उघडा तोंड!"

मग एर्मेलिंदाबाईच पुढे झाली.

"अहो साहेब, काही नाहीये त्यांच्या तोंडात, तोच तर घोळ आहे! दात तुमच्या पिंपात गेलेत."

अख्खी रांग खो खो हसली. अधिकाऱ्याने हातमोजे घालून आम्हाला वर काढलं. फाउस्तिनो खाली मान घालून पुटपुटला, "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या शनिवारपासून. टॉर्टियाची कडक कड खिशात घालून कोण नेतो हो? मी वाट बघत होते, कधी खरं बोलताय याची."

"मग आता... घर?"

"घराला काय बघायचंय? चला, भूक लागलीय. आणि ते धुऊन घ्या आधी, सॉसेजचा वास येतोय."

ते म्हणजे मी. इतकी वर्षं ज्याची अब्रू सांभाळली, त्याच्या होणाऱ्या बायकोने माझा असा उद्धार केला.

मित्रांनो, तुमचे दात रोज रात्री घासा. नाहीतर माझ्यासारखीच्या मिनतवाऱ्या कराल, आणि मी काही गोड बोलणारी नाही. आणि घरात कुणाची कवळी असेल तर तिला स्वच्छ पाण्यात ठेवा. मला कान तुटलेल्या कपात ठेवलंय, स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथून मी रोज बघते, दोघं समोरासमोर बसून कॉफीत टॉर्टिया बुडवून खातात आणि हा बोळक्या तोंडाने मनसोक्त हसतो. निर्लज्ज!

शनिवारी आता दोघं मिळून पलीकडे जातात. परतताना अधिकाऱ्यासमोर आला की हा म्हणे न विचारताच मोठा आ करून दाखवतो, "बघा साहेब, काही लपवलेलं नाही!" ऐकीव सांगतेय. मला आता बरोबर नेतंय कोण?