परातीतला पीलिया

टप. टप.

अंगणात पन्नास माणसं गप्प उभी होती, आणि त्या शांततेत पितळी परातीत थेंब पडत होते. मंत्र घालून आजार उतरवणारे गुनिया महाराज माझ्या नवऱ्याचे, केवलचे हात चोळून चुन्याच्या निवळीनं धूत होते. पाणी बघता बघता पिवळं झालं. पीलिया, म्हणजे कावीळ, उतरतोय, महाराज म्हणाले. गर्दीनं नर्मदामाईचा जयजयकार केला, सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

चुना आमचा, पाणी आमचं, परात आमची. माझं काहीच नाही, हे महाराज दर खेपेला वाजवून सांगायचे. मला तिथंच खटकायचं. ज्याला लपवायचं नसतं, तो इतकं दाखवत नाही.

सात रविवार असा झाडा, म्हणजे मंत्रून आजार उतरवणं. मधे औषध घेतलं की झाडा कटतो, वाया जातो. मागच्या साली माझी नणंद, माझ्या पोरीची फुआ, सहाव्या रविवारी गेली, तेव्हा आम्ही नशिबाला बोल लावला. आता तीन रविवार झाले होते आणि केवलच्या पोटात पेजही ठरत नव्हती.

माझी मुनिया सहावीत. तिचे मास्तर उत्तरं सांगत नाहीत, चौघाचौघांच्या टोळ्या करून पोरांनाच करून बघायला लावतात. त्या आठवड्यात पोरं गावभरची फुलं, पानं, साली चुन्याच्या निवळीत बुडवत होती. तिच्या वहीत लिहिलं होतं : हळद, लाल. आंब्याच्या झाडाची साल, पिवळी. मी मान वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती.

"परातीतलं पिवळं बापूंच्या हातांचं की महाराजांच्या? वेगवेगळे धुवावे लागतील, अम्मा."

चौथ्या रविवारी महाराजांनी हात पुढे केले. केवलला शिवायच्या आतच मुनियानं त्यांच्या हातांवर निवळी ओतली. परात पिवळी झाली.

महाराज म्हणाले की गावाचा पीलिया ते स्वतःच्या अंगावर घेतात. लोकांनी माना डोलावल्या. मुनियानं साबण पुढे केला. महाराज उठू लागले, तशा सासूबाईच दारात आडव्या झाल्या.

"धू बाबा. तीन नारळ नेलेस माझे."

महाराजांनी दोनदा घासून हात धुतले, मग केवलचे हात चोळले. निवळी नितळच राहिली. मग मुनियानं आंब्याची ओली साल स्वतःच्या तळव्यांना चोळली आणि धडधाकट पोरीचा पीलिया परातीत उतरवून दाखवला.

केवलला त्याच दुपारी ट्रॅक्टरवर घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कावीळ पुष्कळदा आपोआप बरी होते, श्रेय परातीला जातं. जिथं होत नाही, तिथं वाट बघणं माणूस खातं. केवल वाचेल, पण आणखी एक रविवार गेला असता तर कठीण होतं.

म्हणून बायांनो, सांगते : आजाऱ्याचे हात कुणी धुवायला घेतले, तर आधी धुणाऱ्याचे धुऊन बघा. देव त्यानं रागावत नाही.

दवाखान्याच्या ओट्यावर मुनिया माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मला वाटलं झोपली.

"अम्मा, फुआच्या वेळी परात तूच धरली होतीस ना? तेव्हा तुला नव्हतं खटकलं?"