कल्पनाचं विरजण

"नळी बदलली गेलीये," दामोदर म्हणाले. "हा माझ्या घरच्या दह्यातला जंतू नाही."

"सर, नळीवर नाव तुम्हीच घातलंय," प्रयोगशाळेतली त्यांची सहायक अश्लेषा म्हणाली.

घातलं होतं खरं. पण दामोदरांना संशय घ्यायला फारसं निमित्त लागत नसे. एकमेकांसारखे दिसणारे जंतू वेगळे करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा डोळ्यांवर विश्वास राहत नाही, आणि माणसांवर तर नाहीच. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. त्याआधी बायकोच्या, कल्पनाच्या विरजणातला जंतू संस्थेच्या संग्रहात तिच्या नावानं गोठवून ठेवायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. ते विरजण कल्पनानं लग्नानंतर निपाणीहून आणलेलं. ती असताना त्यांनी एकदा चमचाभर मागितलं, तर म्हणाली होती, "तुमच्या रोगजंतूंच्या पंगतीला माझं विरजण बसवायचं नाही." तिला जाऊन चार वर्षं झाली. तिचं म्हणावं असं जिवंत काही घरात उरलं असेल, तर ते तेवढंच.

आणि अश्लेषाचा निकाल सांगत होता, हा जंतू बाजारच्या पाकिटातल्या दह्याचा आहे. कुठल्याशा कंपनीनं तो दोनच वर्षांपूर्वी आणलेला.

"एका जनुकावरून काय ठरवतेस? त्यात चुलत भावंडंसुद्धा जुळी दिसतात."

"म्हणून तर सगळा जीनोम लावून बघितला, सर. पेशीतली मेदाम्लंपण काढली. दोन्हीकडं तेच येतंय."

अश्लेषा बेळगावची, हुशार, पण दामोदरांच्या मते जरा घाईची. त्यांनी मनातल्या मनात तिच्यावर ठपका ठेवून टाकला. घरून पुन्हा दही आणलं, नळ्या स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवल्या, सगळं आपल्या हातानं केलं. शेवटी घरच्या आणि पाकिटातल्या जंतूच्या मेदाम्लांचे दोन आलेख एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. रेघ एकच दिसली.

अश्लेषा सुटली. संशय मात्र दामोदरांबरोबर बसमध्ये बसून मल्लेश्वरमला घरी आला.

जेवताना सून दही वाढत होती.

"प्रांजली, हे दही कुणाचं?"

तिचा हात थांबला. "म्हणजे?"

"खरं सांग."

"बाबा, गेल्या वर्षी तुमची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा आम्ही सगळे हॉस्पिटलमध्येच होतो. घरी येऊन बघते तर दह्यावर गुलाबी बुरशी. फेकावंच लागलं. मग पाकिटातलं आणून लावलं. सांगणारच होते, पण पहिल्याच घासाला तुम्ही म्हणालात, अगदी कल्पनाच्या हातचं. डोळ्यांत पाणी होतं तुमच्या. मग नाही सांगवलं."

दामोदरांना ते आठवलं. लाज वाटली. जन्मभर जंतू ओळखले, आणि घरात पाकिटातलं दही बायकोचं म्हणून भुरकत बसले.

एकदम त्यांना गंगव्वा आठवली. खालच्या मजल्यावरची. कल्पनानंच तिला विरजण दिलं होतं. ते हात धुऊन तसेच खाली गेले.

"गंगव्वा, कल्पनानं दिलेलं विरजण आहे का अजून?"

"आहे की अण्णा! न जपून कसं चालंल?" ती लगबगीनं आत गेली. ती वाटी घेऊनच बाहेर आली. "ह्या उन्हाळ्यात नासलं बघा माझं. रडायलाच आलं. मग प्रांजलीकडनं परत आणलं. अक्काचंच ते, तुमच्या घरी होतं म्हणून वाचलं. न्या स्वल्प."

दामोदरांनी वाटी हातात घेतली. गंगव्वाच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता.

"सरी, बरं," ते म्हणाले. "असंच जपा."

वाटी दोन्ही हातांत धरून ते सावकाश जिना चढले. प्रांजली दारातच उभी होती.

"दूध कोमट कर," ते म्हणाले. "गंगव्वानं कल्पनाचं विरजण दिलंय."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता गॅस पेटवला.