नाव घेऊन रड

दुष्काळात खडीच्या कामावर बनूची आई ऊन लागून गेली. बाप आधीच नव्हता. अकरा वर्षांची पोर पालात एकटी राहिली, म्हणून मी तिला घरी आणलं. आमच्या घरात कुणाला विचारून भाकरी वाढायची रीत नाही.

तीन महिन्यांनी तलाठी आला. बेवारस पोरांना फसवून नेतात, विकतात, त्यावर म्हणे सरकार कायदा आणणार. म्हणून आसपासच्या गावांतल्या अशा पोरांची यादी करत होता. मी दुसरी शिकलेली. कानानं ऐकल्याबिगर मी कागद खरा मानत नाही. चावडीवर म्हटलं, "मोठ्यानं वाचा. काय लिहिलंय ते कळू द्या." त्यानं अख्खी यादी वाचली. नाव, वय, राहते कुणाकडं, सगळं. बाजारचा दिवस होता, परगावची माणसं उभी होती. मी ताठ मानेनं ऐकलं.

पाचव्या दिवशी दुपारी दारात टेम्पो थांबला. ठसठशीत कुंकवाची बाई उतरली.

"मी बनूची मावशी, नगरची. न्यायला आले."

बनूनं मागून माझा पदर मुठीत धरला. मी गावच्या कारभारी पाटलांना बोलावणं धाडलं. ते येऊन हळूच म्हणाले, "आक्काबाई, कायदा व्हायचाय अजून. नात्याची म्हनून आली, तर तुमी कोन अडवनार?"

तेवढ्यात ध्यानात आलं. बहीण मेल्यावर तिच्या पोरीला पहिल्यांदा भेटणारी बाई आधी गळ्यात पडून रडते, मग पाणी पिते. हिनं तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि बाजारात कालवड बघावी तशी पोर न्याहाळली.

"मावशी हायेस, तर रड की पोरीला धरून," मी म्हणाले.

तिनं लगेच हेल काढला. "माझी बहीण गं, कशी टाकून गेलीस गं..." असा लावला, की शेजारच्या बायांनी डोळ्याला पदर लावला. वाटलं, गेली पोर.

"नाव घेऊन रड."

ती थांबली. "दुःखात नाव सुचतं का, बाई?"

"मग जन्मभर हाक कशी मारलीस? 'ए बाई' म्हनून?"

मनकर्णा हे बनूच्या आईचं नाव. यादीत ते नव्हतं. बाईनं एकदा पाटलांकडं पाहिलं, पायरी उतरली आणि टेम्पोत बसली. पाटील अंगणात पोचेस्तोवर धूळ उडाली.

टेम्पो नगरच्या सडकेला लागला नाही. पिंपरीकडं वळला.

"पाटील, पिंपरीचं कुनी हुतं का यादीत?"

"दोघी बहिनी. देवळात ऱ्हातात."

"त्यांच्या आईचं नाव ठाऊक हाय कुनाला?"

माझा पोरगा गोरक्ष सायकल काढून पळाला. पिंपरी चार मैल, सगळा चढ.