मनुबाईंच्या तेवीस पोथ्या

पान एक

मनुबाई एक्कावन्नाव्या वर्षी वाचायला शिकल्या. तासगावपासून चार कोसांवरच्या गावात सन एक्केचाळीस साली साक्षरतेचा वर्ग निघाला होता. त्यात सतरा बायका बसल्या, त्यातल्या सोळा उठल्या. मनुबाई राहिल्या.

त्यांचा मुलगा भाऊसो पलटणीत होता आणि खडकीच्या डेपोवर पहारा देत होता. आईचं पहिलं पत्र आलं तेव्हा ते खरं वाटेना, म्हणून त्यानं ते सुभेदाराला दाखवलं. मग त्यानं पोरांचं एक गोष्टीचं पुस्तक घेऊन टपालानं धाडलं. अक्षर मोठं होतं, जोडाक्षरं थोडी होती आणि दर पानावर चित्र होतं. पुस्तकाचं नाव 'कोंबडीचा संसार'.

आता अडचण अशी, की मनुबाईंनी आयुष्यात पुस्तक वाचताना पाहिलं होतं ते एकाच प्रकारे. श्रावणात चावडीत पोथी लागायची तसं. त्यांनी अंघोळ केली, सोप्यात चौरंग मांडला, तांबडं कापड अंथरलं, वर 'कोंबडीचा संसार' ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि शेजारपाजाऱ्यांना निरोप धाडला, की दुपारी पोथी लागणार आहे.

दिवसाला एक पान. एक पान म्हणजे एक अध्याय. शेवटच्या पानाला समाप्ती, पुरणपोळी आणि आरती. एक पोथी तडीला गेल्याशिवाय दुसरी उघडायची नाही.

वर्गाचे मास्तर समजवायला आले. "आजी, ही पोथी नव्हे. हे झोपून वाचायचं असतं. चुलीपुढं वाचा, कसंही वाचा."

मनुबाईंनी त्यांना गूळपाणी दिलं. मास्तर गेल्यावर म्हणाल्या, "वयानं ल्हान हायत."

पान दोन

ऐकायला नेमानं येणारे तिघं. चांदबी बांगडीवाली, जी मनुबाईंना अक्का म्हणायची आणि पायरीवर टोपली ठेवून बसायची. लालासाहेब, पेन्शनीत निघालेले जमादार, ज्यांना सगळ्याच बाबतीत नियम माहीत असायचा. आणि जोतिबा आप्पा. ते ऐंशीचे होते, त्यांना दोघांनी उचलून आणावं लागे.

पान पाच

(तीन आणि चार सुतकात गेली.)

गाव एका भावकीचं. भावकीत कुणी गेलं की दहा दिवस सुतक, आणि सुतकात पोथी उघडत नाहीत. कोंबडी सहाव्या पानावर अंड्यांवर बसली आणि त्याच रात्री मळ्यातले एक चुलते गेले. त्यांचं सुतक फिटलं त्या दिवशी त्यांची भावजय गेली. कोंबडी बसूनच.

"आवं अक्का," चांदबी एकविसाव्या दिवशी म्हणाली, "खऱ्या कोंबडीची पिल्लं निघाली असती की. तुमच्या भावकीला मरायला दुसरा म्हैना गावला न्हाई व्हय?"

सातव्या पानावर पिल्लं निघालीच. लालासाहेबांनी बोटं मोजली आणि पुस्तक खरं आहे असं जाहीर केलं.

त्यात सुगी, त्यात एकादशी, त्यात समाप्तीला गूळ मिळेना. एका पुस्तकाला तीन महिने जाऊ लागले. भाऊसो मात्र दर महिन्याला एक धाडत होता, कारण खडकीत त्याला कुणी मरत नव्हतं. अडीच वर्षांत मनुबाईंनी आठ पुस्तकं तडीला नेली. देवळीतला न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग तेवीसवर गेला.

मधे एकदा लालासाहेबांनी कऱ्हाडहून मोठ्या माणसांची एक कादंबरी आणून दिली. मनुबाईंनी चार दिवसांनी परत केली. "ह्येच्यात समदी मान्संच हायती," त्या म्हणाल्या. "ती हायत की हितं."

पान आठ

मनुबाईंचा उजवा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेला होता. आता डाव्यात मोतीबिंदू उतरला. मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं.

"पिकलेला नाही. दिवाळीपर्यंत पिकेल. पिकला की काढू."

"मग दिसंल?"

"बहुतेक."

मनुबाई गाडीत बसून घरी आल्या. वाटेत त्यांनी हिशेब केला. दिवाळीला दीड महिना होता. म्हणजे अर्धं पुस्तक. आणि पुढं बहुतेक.

मास्तर म्हणाले, मी वाचून दाखवीन. भाऊसोनं लिहिलं, सुट्टी काढून येतो, मी वाचतो. मनुबाईंनी दोघांना एकच उत्तर दिलं.

"ऐकण्यातच जलम गेला माजा. ह्ये मला वाचायचं हाय."

चांदबी त्या दिवशी बांगड्या न विकता बसून राहिली. लालासाहेबही बसून राहिले. मग त्यांनी घसा साफ केला.

"एक नियम हाय," ते म्हणाले. "मोठ्या पोथीचा अकरावा अध्याय वाचला, की आख्ख्या पोथीचं पुण्य. येळ नसंल त्येला ही सूट हाय. ह्या तर बारक्या पोथ्या. अकरावं पान वाचायचं. तेवीस दिवसांत तेवीस."

"आनि सुतक आलं तर?"

सगळ्यांनी जोतिबा आप्पांकडं पाहिलं. त्यांना त्या आठवड्यात दोनदा तुळशीपाणी देऊन झालं होतं.

"आप्पा," लालासाहेब वाकून मोठ्यांदा म्हणाले, "तेवीस दिस दम धरायचा बरं का."

"धरतो की," आप्पा म्हणाले. "कशाची पोथी हाय?"

"हत्तीची."

"मग धरतो."

पान अकरा

'हत्तीचे बिऱ्हाड' : *"हत्ती म्हणाला, मी भाडे वेळेवर देईन, फक्त दार जरा मोठे करा. सशाने सुतार बोलावला. सुतार म्हणून मुंगी आली. मुंगीने दाराकडे पाहिले, मग हत्तीकडे पाहिले, आणि"*

पान अकरा

'उंदराची वकिली' : *"न्यायाधीश मांजर आहे हे उंदराला तेव्हा कळले. त्याने पगडी सारखी केली आणि"*

पान अकरा

'गंगीचा बाजार' : अक्षर नाही. चित्र. विहीर, पोहरा, कुणी नाही. मनुबाईंनी पुस्तक फिरवून सगळ्यांना दाखवलं. सगळ्यांनी हात जोडले.

पान अकरा

'सात भोपळे' : हे पुस्तक दहाच पानांचं निघालं. लालासाहेब म्हणाले, पुठ्ठा धरा. मनुबाईंनी मागचा पुठ्ठा वाचला. त्यावर छापखान्याचा पत्ता होता. तोही सावकाश, एकेक अक्षर लावून.

शेवटच्या दिवसांत त्या पुस्तक नाकाला लावून वाचत होत्या. तेविसावं पान झालं. भावकीनं शब्द पाळला, कुणी गेलं नाही. पुण्य जेवढं मिळायचं तेवढं मिळालं असावं. पण त्या दिवशी आरती झाल्यावर कुणी उठेना.

"त्या मुंगीनं काय क्येलं आसंल?" चांदबी म्हणाली.

मनुबाईंनी हत्तीचं पुस्तक हातात घेतलं, उघडलं आणि बाराव्या पानावर बोट ठेवलं. बोटाखाली सगळं पांढरं धुकं होतं. त्यांनी पुस्तक मिटून ढिगावर ठेवलं.

"पिकला," त्या म्हणाल्या.

पान नाही

मिरजेत त्या दहा दिवस उताण्या पडून होत्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्टी. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही. सोबतीला चांदबी दोन दिवस होती. नर्सबाईंनी तिला परत धाडलं, कारण ती बोलली की धोका होता.

चांदबी मग धंद्याला लागली. आठ-दहा गावं फिरली. बांगड्या भरताना बायकांचे हात गुंतलेले असत, तेवढ्यात ती अकरावं पान सांगायची. मुंगीनं दाराकडं बघितलं, हत्तीकडं बघितलं, आनि.

"आनि काय गं?"

"ते मला काय म्हाईत? अक्काला दिसाय लागल्याबिगार फुडलं न्हाई कळायचं."

बायका चिडायच्या. एका गावात तिला बांगड्या काढून घ्यायला लावल्या. पण घरोघरी देवापुढं नवस बोलले गेले. मनुबाईला दिसू दे, तिला एक पुस्तक वाहीन. कुठल्या तरी पिराच्या दर्ग्यातही हा नवस नोंदला गेला. तो चांदबीचा.

अकराव्या दिवशी पट्टी सुटली. डॉक्टरांनी नाकावर जाड भिंगाचा चष्मा ठेवला आणि विचारलं, काय दिसतं?

मनुबाईंनी समोरच्या भिंतीवरची पाटी वाचली. "थुंकू नये."

पान बारा

नवस फेडावे लागतात आणि फेडलेला नवस परत करता येत नाही. मनुबाई घरी आल्या तेव्हा देवळीत भाऊसोची तीन नवी पुस्तकं होती आणि सोप्यात नवसाची एकोणीस. जुनी तेवीस धरून एकूण पंचेचाळीस. मनुबाईंनी ढिगाकडं पाहिलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत पाहिलं. पंचेचाळीसच होती.

"आता सूट न्हाई," लालासाहेब म्हणाले. "डोळं हायत. पैल्यापास्नं."

त्यांनी 'हत्तीचे बिऱ्हाड' पहिल्या पानापासून लावलं. दिवसाला एक पान. मधे एकच सुतक आलं, तेही लांबचं, तीन दिवसांचं. अकराव्या पानाच्या दिवशी सोपा भरला. परगावच्या बायका आल्या होत्या. मनुबाईंनी पान उघडलं, पण त्यांना वाचू दिलं नाही. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. जोतिबा आप्पांनीसुद्धा. मुंगीने दाराकडे पाहिले, मग हत्तीकडे पाहिले, आणि.

दुसऱ्या दिवशी अंगणातही जागा नव्हती. मनुबाईंनी पान उलटलं. बाराव्या पानावर मोठं चित्र होतं आणि खाली एक ओळ. त्यांनी बोट लावलं. सावकाश वाचलं.

*"म्हणाली, उद्या येते."*

चांदबी टोपली सोडून पुढं सरकली.

"आनि?" चांदबी म्हणाली.

"पान संपलं."

लालासाहेबांनी मान हलवली. "बराबर हाय. मुंगी झाली म्हनून काय झालं? सुतारच ती."

मनुबाईंनी पुस्तक तांबड्या कापडात गुंडाळलं. शेजारी चष्मा ठेवला.

"म्हंजे," जोतिबा आप्पा कोपऱ्यातून म्हणाले, "आजबी मरायला जमायचं न्हाई म्हना." आणि त्यांनी घरी न्यायला दोघांना हात वर केला.