कडक गादी

चांगुणाने वहाणा दुकानाच्या पायरीशी काढल्या, पदर कमरेला खोचला आणि पिंजाऱ्याने पसरलेल्या गादीवर ती सरळ उताणी पडली.

भर दुपारची वेळ आणि नगरच्या बाजारातलं उघडं दुकान. रस्त्याने जाणारी माणसं थबकली. तिचा धाकटा दीर मच्छिंद्र घाईने पुढे आला आणि तिच्याकडे पाठ करून रस्त्याच्या नि तिच्या मधे उभा राहिला.

"वैनी, उठा. लोक बघत्यात."

"बघू द्या." छताकडे पाहतच ती म्हणाली. तिने कंबर हलवून पाहिली, खांदे दाबून पाहिले. "ही बुडती. डाक्टर म्हनले, बुडनारी नको. पाठीला आधार पायजे."

पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर दरड अंगावर आली आणि तिचा नवरा आसाराम कमरेत मोडला. तेव्हापासून तो नगरच्या दवाखान्यात पडून होता. दाखल केल्यावर डॉक्टरांनी त्याच्या खाटेशीच सांगितलं होतं, घरी नेल्यावर खाली फळी टाका, वर कडक गादी घाला, म्हणजे हाड जुळेल. चांगुणाने ते बोलणं मनाशी धरून ठेवलं होतं. आज त्याला घरी सोडणार होते. पाथर्डीकडच्या गुरांच्या छावणीला उसाचं वाढं घेऊन जाणारा एक ट्रक त्यांना गावापर्यंत न्यायला तयार झाला होता. त्याआधी गादी घ्यायची होती.

पिंजाऱ्याने दुसरी गादी ओढून आणली. ठासून भरलेली, दाट टाक्यांची. चांगुणा तिच्यावर पडली. या वेळी अंग वरच राहिलं.

"ही," ती उठून बसत म्हणाली.

"लई टनक हाय," मच्छिंद्र म्हणाला. "मऊ घ्या, वैनी."

"भावजी, तुमच्यासमूरच तर डाक्टर बोलले."

"तवा बोलले."

शब्द तोंडातून गेला आणि मच्छिंद्रने डोक्यावरची टोपी काढली. तिची घडी तो बोटांनी पुन्हा पुन्हा सारखी करू लागला. सकाळी डॉक्टरांनी त्याला एकट्याला व्हरांड्यात बोलावून घेतलं होतं. पडून पडून पाठीला झालेल्या जखमा हाडापर्यंत गेल्या आहेत, विष अंगात भिनलं आहे, आता आमच्या हातात काही नाही, असं ते म्हणाले होते. घरी न्या आणि सुखाने पडू द्या. तेव्हापासून त्याने वहिनीच्या नजरेला नजर दिली नव्हती.

"आज काय म्हनले?" चांगुणाने विचारलं.

मच्छिंद्र टोपीकडे बघत राहिला. "म्हनले, मऊ आसली तरी चालंल."

चांगुणा गादीवर तशीच बसली. लुगड्याला चिकटलेला कापूस ती चिमटीने काढू लागली. सगळा निघाला तरी तिची बोटं थांबेनात.

पिंजारी उतारवयाचा माणूस होता. त्याने काही न विचारता पहिली गादी गुंडाळायला घेतली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "कडकच पायजे."

"वैनी, दादाच्या पाठीला कातडं ऱ्हायलं न्हाई. टनक गादीवर त्यो—"

"मला ठावं न्हाई व्हय? ती पाठ मीच पुसते." तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तुमच्या भावानं बी ऐकलंय डाक्टरचं. रोज इचारत्यात, कडक घेशील ना म्हनून. मऊ गादी दिसली की त्यांना कळंल."

मच्छिंद्रने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. रस्त्यावरून एक टांगा गेला. तो दूर गेल्यावर ती पिंजाऱ्याकडे वळली.

"कडंला अशीच टनक ठेवा. मधी पाठ येती तिथला कापूस काढा आन् पिंजून भरा. मऊ करा. पर हात लावला तर कळू नये."

पिंजारी तिच्याकडे क्षणभर पाहत राहिला. "बसा ताई," तो म्हणाला आणि त्याने शिवण उसवायला घेतली.

पिंजणाची तार वाजू लागली. घट्ट बसलेला कापूस मोकळा होऊन उडायला लागला. चांगुणा पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसली होती. तिने पदराने डोळे पुसले, मग पुन्हा पुसले. कापसाचे तंतू सगळीकडेच उडत होते.

दवाखान्याच्या दाराशी ट्रकमध्ये वाढ्याच्या मोळ्या सारून जागा केली, फळी टाकली, गादी घातली. चौघांनी आसारामला उचलून वर घेतलं. खाली ठेवताना तो कण्हला. मग त्याचा हात बाजूला सरकला, गादीची कड चाचपली. अंगठ्याने त्याने ती दाबून पाहिली.

"टनक हाय," तो म्हणाला.

"व्हय. डाक्टर म्हनले तशीच."

ट्रक निघाला. नगर मागे पडलं, दोन्ही बाजूंना उघडी करडी रानं लागली. एका खड्ड्यात चाक आदळलं. चांगुणाने डोळे मिटून घेतले, पण आसाराम ओरडला नाही. त्याचा हात कडेवरून आत आला, पाठीशेजारी पोचला आणि तिथल्या मऊपणावर थांबला. त्याने तो बराच वेळ काढला नाही.

चांगुणा वाढ्याच्या मोळ्यांकडे बघत होती.

"चांगली घेतलीस," आसाराम म्हणाला. "चांगली कडक हाय."

तिने मान हलवली.

बराच रस्ता असाच गेला. मग त्याने हाक मारली, "मच्छिंद्र."

"काय, दादा?"

"औंदा पाऊस झाला की पेरणीला पाभर तू धर. तांबडा बैल डावीकडं जुप. उजवीकडं त्यो वढत न्हाई."

मच्छिंद्रने वहिनीकडे पाहिलं. ती पदर ताणून नवऱ्याच्या तोंडावर सावली धरून बसली होती. ट्रक हेलकावे खाई तशी सावली हले, आणि ती हात पुन्हा सारखा करी.