तीन पावसाळे जास्ती

लिंबाजीचा पगार सुरू झाला आणि त्याच्या बायकोच्या, धुरपताबाईच्या, डोक्याला ताप सुरू झाला. पगार म्हणजे नोकरीचा नव्हे, जन्मात नोकरी केली नाही गड्यानं. पासष्ट पुरी झाली म्हणून श्रावणबाळ योजनेतून सरकार महिन्याला पंधराशे रुपये देतं, त्याला आमच्याकडं पगारच म्हणतात. दीड एकर माळात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला घरबसल्या पंधराशे म्हणजे काय विचारता! लिंबाजी टोपीला इस्त्री करून घालायला लागला. जळकोटच्या फाट्यावर दोन वेळा चहा, वर भजी, आणि पारावर बसून सरकार कसं चालवावं यावर भाषण.

धुरपताबाईला त्याच्या चहाचं काही वाटत नव्हतं. तिचं दुखणं वेगळंच होतं. वीस रुपये मागितले, की लिंबाजीचा हात खिशाकडं जाता जाता मधेच थांबायचा आणि तो विचारायचा, "कशाला पायजे?"

बांगड्या पिचकल्या, कशाला पायजे? तेरला दिलेली लेक दीपाली पंचमीला आली, तिच्या पोरीच्या हातावर काहीतरी ठेवावं, कशाला पायजे? देत नव्हता असं नाही. मनानं वाईट नव्हता बिचारा. पण कारण ऐकल्याबिगर रुपया सुटत नव्हता, आणि कारणं सांगून सांगून धुरपताबाईचा जीव विटला होता. उलट बोललीच कधी, तर त्याचा हुकमी एक्का तयार असायचा.

"धुरपे, म्या तुझ्यापरीस तीन पावसाळे जास्ती बघितल्यात!"

संपला वाद. अठ्ठेचाळीस वर्षं वाद असाच संपत आला होता.

शेवटी तिच्या मनानं घेतलं, आपल्याला बी पगार पायजे. आपल्या नावाचा, आपल्या खात्यावरचा. कुणी कशाला म्हणून विचारणार नाही असा पैसा तिनं जन्मात हातात धरला नव्हता.

जळकोटात शिवरंजनी नावाची एक पोरगी सरकारी अर्ज भरून द्यायचं सेवा केंद्र चालवते. धुरपताबाईनं पिशवीतून आधारकार्ड काढून तिच्यापुढं ठेवलं. पोरीनं कार्ड बघितलं, मान हलवली.

"आजी, तुमचं वय बासष्ट. पासष्ट लागतंय. तीन वर्षांनी या."

"तीन वर्सांनी? आगं बया! तवर म्या ऱ्हाती का जाती!"

"कार्डावर चुकून कमी पडलंय का? शाळेत गेला होता का कधी? शाळेच्या रजिस्टरचा उतारा आणला तर वय दुरुस्त करून मिळतंय."

धुरपताबाईनं कार्ड उचलून पिशवीत टाकलं. शाळेत ती गेली होती. मुरुमजवळ तिचं माहेर, तिथं दुसरीपर्यंत शिकली होती. आणि त्या रजिस्टरात काय लिहिलेलं असणार ते तिला पक्कं ठाऊक होतं.

गोष्ट अशी, की तिचा बाप लवकर वारला, लग्न लांबलं आणि एकोणिसाव्या वर्षी ती घोडनवरी ठरली. स्थळ आलं ते लिंबाजीचं, आणि लिंबाजी सतरा वर्षांचा! माहेरच्याच गावात दिलेली थोरली बहीण सारजाबाई मोठी वस्ताद. तिनं बोलणीत ठोकून दिलं, "पोरगी चौदाची हाय." धुरपता अंगानं काडी, खपून गेलं. "कुणाम्होरं बोललीस तर माझं मेल्यालं तोंड बघशील," अशी शपथ आक्कानं घातली, आणि धुरपतानं ती पाळली. पुढं गावात आधारकार्डाचा कॅम्प आला तेव्हा लिंबाजीनंच ऐटीत सांगितलं, "माझ्याहून तीन वर्सांनी ल्हान, लिवा." ती शेजारी उभी राहून मुंडी हलवत होती. म्हणजे बाई नवऱ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि कागदावर तीन वर्षांनी लहान. आता बोला!

उतारा काढावा तर नवऱ्याचा एक्का जातो, आणि पारावर त्याचं हसं होतं. न काढावा तर अजून तीन वर्षं कशाला पायजे, कशाला पायजे. आठ दिवस तिला काही सुचेना. नवव्या दिवशी तिनं पदर खोचला. "आक्काला भेटून येती," म्हणाली.

"म्या बी येतो की. मला बी आता हाप तिकीट हाय!" लिंबाजीनं टोपी घातलीसुद्धा. बायकांना अर्धं तिकीट कधीचंच झालंय, त्याला पासष्टीमुळं आत्ता मिळालं, तर कोण कौतुक!

येणेगूरला गाडी बदलून दोघं पोचली. आक्काकडं चहा झाला. धुरपताबाई हळूच शाळेकडं निघाली, तर हा मागं हजर. "तुझी साळा बघू तरी!"

शाळेच्या बाई चांगल्या होत्या. कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचलं, "धुरपता... जन्म तीन जून एकोणीसशे अठ्ठावन."

दारात उभा राहून लिंबाजी पेरू खात होता. त्याचं तोंड थांबलं. त्यानं पेरू डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताची बोटं मोजायला लागला. एकदा मोजली, परत मोजली.

"बाई, चुकलं असंल. म्या साठचा हाय."

"जुनी नोंद आहे बाबा. इथं खाडाखोड काहीच नाही."

लिंबाजीनं बायकोकडं बघितलं. धुरपताबाईला आता खोटं बोलायचा वीट आला होता.

"चुकलं न्हाय," ती म्हणाली. "म्या मोठी हाय तुमच्यापरीस. लग्नात तुमाला मिसरूड बी फुटलं नव्हतं."

येताना एसटीत माणूस सगळी वाट बोटंच मोजत होता. घरी दोन दिवस पारावर गेला नाही, फाट्यावर गेला नाही. जेवायला वाढलं की जेवायचा, उठून गोठ्यात जायचा, म्हशीशी बोलत बसायचा. आपण दोन पैशांसाठी या माणसाची पत घालवली, असं धुरपताबाईला मनापासून वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं उतारा घडी करून फळीवर टाकला.

"अवो, ऱ्हाऊ द्या. कुणाला काय सांगत न्हाय म्या. तीन वर्सं थांबती."

लिंबाजी उठला, फळीवरचा उतारा काढला, झटकला आणि टोपीत ठेवला.

"तीन वर्सं थांबाया तू काय ल्हान हायेस का आता?" तो म्हणाला. "चल, लुगडं बदल."

सेवा केंद्रात बाजारादिवशीची गर्दी. लिंबाजीनं टोपीतनं कागद काढून शिवरंजनीपुढं ठेवला आणि पारावर बोलतो त्याच आवाजात बोलला, "बायको माझ्यापरीस दोन वर्सांनी मोठी हाय. नीट लिवा." सगळी गर्दी खो खो हसली. मागनं एकजण म्हणाला, "लिंबाजीबापू, अठ्ठेचाळीस वर्सं फसलाव की!"

"फसलो तर फसलो," लिंबाजी म्हणाला. "घरात वडीलधारं माणूस हाय म्हणून तर संसार टिकला. तुझ्या घरात हाय का कोण?"

धुरपताबाईनं पदर तोंडाला लावला. हसू होतं का रडू, तिचं तिलाच कळेना. खरं तर दोन्ही होतं.

कार्ड दुरुस्त झालं, अर्ज तहसीलला गेला, हेलपाटे झाले, आणि चार महिन्यांनी एकदाचा पगार खात्यात पडला. बँकेतून आणलेल्या नोटा धुरपताबाईनं धान्याच्या डब्यात ठेवल्या. दिवसातून चारदा झाकण उघडून बघायची आणि झाकून टाकायची. खर्चायचे नव्हते असं नाही, नुसतं बघायलाच बरं वाटायचं.

महिनाअखेर आली. लिंबाजीचे पैसे भज्यांत संपलेले. तो चुलीजवळ आला, डोकं खाजवत उभा राहिला.

"धुरपे, इस रुपये हायेत का?"

"कशाला पायजे?"

शब्द तोंडातून निघाला आणि तीच चपापली. बघते तर नवऱ्यानं मान खाली घातलेली, टोपी काढून हातात धरलेली. असंच उभं राहून तिनं अठ्ठेचाळीस वर्षं कारणं सांगितली होती.

"मोठ्या माणसानं इचारल्यावर सांगाया पायजे," लिंबाजी पुटपुटला. "चहाला. आन... आन त्यो तंबाखू..."

"सांगू नगा," धुरपताबाई घाईनं म्हणाली. डबा उघडून तिनं पन्नासाची नोट काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "म्या इचारलंच न्हाय. जावा."

नोट घेऊन लिंबाजी उंबऱ्यापर्यंत गेला. तिथं थांबला, वळला.

"तुला काय आणू?"

धुरपताबाईच्या हातातली भाकरी तव्यावर टाकायची तशीच राहिली. असं कुणी तिला विचारलंच नव्हतं, त्यामुळं काय सांगायचं तेच तिला सुचेना. लिंबाजी मात्र न हलता उंबऱ्यातच उभा राहिला.

"शेव आणा," ती शेवटी म्हणाली. "मऊ बघून."