वीतभर पुढे घेतलेला रूळ

"तिसरा फेरा उलटा गेलाय," असं म्हणत प्रमोदिनीबाईंनी कप्पीतून दोर सरसर उपसून काढला.

मुकुंदरावांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. आकृतीत दोर वरच्या कप्पीतून खालच्या कप्पीत असा चार वेळा सरळ फिरत होता. प्रत्यक्षात तो स्वतःलाच वेढा घालून बसला होता. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला कागदावरचं सगळं कळतं. कागद संपून वस्तू सुरू झाली, की मात्र बायको लागते, ही नोंद प्रमोदिनीबाईंकडे फार जुनी होती.

हर्सूलच्या त्यांच्या घरामागे, पत्र्याच्या शेडबाहेर, ट्रॉलीवर नाव उभी होती. बावीस फुटी, शिडाची, आत दोघांना झोपता येईल एवढी खोली असलेली. सहा वर्षं लागली होती. उद्या ती पैठणला धरणाच्या पाण्यात, नाथसागरात, उतरायची आणि तिथे हात बसला की कोकणात न्यायची. मग किनाऱ्याकिनाऱ्यानं दोघांनी हिंडायचं. गल्लीनं पहिल्या वर्षी हसून घेतलं, दुसऱ्या वर्षी पाहुण्यांना आणून दाखवलं आणि तिसऱ्या वर्षापासून पत्ता सांगताना 'नाववाल्यांच्या पुढचं घर' म्हणायला सुरुवात केली.

"बाई, समुद्र इकडं येणार, का नाव तिकडं जाणार?" ट्रॉलीखालून कडुबानं विचारलं. तो वेल्डर. प्रमोदिनीबाईंनी त्याला आठवीत गणितात दोनदा नापास केलं होतं. चाळिशी उलटली तरी तो त्यांना 'बाई'च म्हणायचा.

"तू बोल्ट आवळ. तुझा भूगोलही कच्चाच होता."

"आवळलेत. लई घट्ट."

दोर ओवून झाला. मुकुंदरावांनी शीड अर्ध्यावर चढवलं. शिडाच्या तळाशी आडवी दांडी आणि तिला लावलेला हा मुख्य दोर. ओढला की शीड आत येतं, सोडला की बाहेर जातं. दोराचं खालचं टोक एका छोट्या गाडीला होतं आणि ती गाडी नावेच्या रुंदीभर टाकलेल्या पोलादी रुळावर डावीउजवीकडे सरकायची. सहा वर्षांतल्या प्रत्येक नकाशात सुकाणूशेजारी 'मु.' आणि या दोराशेजारी 'प्र.' लिहिलेलं होतं.

प्रमोदिनीबाई आपल्या बाकावर जाऊन बसल्या आणि दोरासाठी हात पुढे केला.

हाताला काहीच लागलं नाही.

दोराचं मोकळं टोक सुकाणूच्या बाकाकडे वळलं होतं. गाडी ओढायच्या दोन्ही दोऱ्या तिकडेच गेल्या होत्या. शीड चढवायचा दोरसुद्धा छपरावरून फिरवून तिकडेच नेला होता. त्यांनी बाकावरचा नकाशा उचलला. हा नवा होता. त्यात 'मु.' नव्हतं, 'प्र.'ही नव्हतं. सगळे बाण एकाच जागेकडे जात होते.

"अहो, हे सगळं एकाच ठिकाणी आणलंत."

"एकट्या माणसाला झेपावं म्हणून."

मुकुंदराव चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छ होता.

एकट्या माणसाला. प्रमोदिनीबाईंनी नकाशा बाकावर टाकला. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, नातीच्या वयाच्या मुलींमध्ये उभं राहून त्या पोहायला शिकल्या होत्या. नाकातोंडात पाणी गेलं, पायांत गोळे आले, ओळखीच्या बायकांनी हसून एकमेकींना कोपरं मारली. सगळं या माणसाच्या वेडापायी. आणि नाव पाण्यात उतरायला एक दिवस उरला, तेव्हा हा एकटाच निघाला होता.

"मग मी काय करायचं? काठावर डबा घेऊन उभी राहू?"

"तुम्ही कशाला डबा घेता, बाई?" कडुबा खालून म्हणाला. "साहेबांनी तुमच्यापायी तर रूळ वीतभर पुढं घ्यायला लावला. आठ भोकं बुजवली मी, आठ नवी पाडली. बाईचा हात पोचला पायजे, म्हणले."

"कडुबा!"

"काय चुकलं का माझं?"

प्रमोदिनीबाई उठल्या आणि सुकाणूच्या बाकावर बसल्या. सुकाणू डाव्या हाताशी आलं. दोर उजव्या मुठीत आला. गाडीच्या दोऱ्या खांदा न हलवता सापडल्या. सहा फुटी मुकुंदरावांना इथे बसताच आलं नसतं. त्यांचे गुडघे रुळावर आपटले असते.

"तुम्ही कुठे बसणार?"

"मी काठावर."

"कशाच्या काठावर?"

"पाण्याच्या." त्यांनी चष्मा घातला. "मला पाण्याची भीती वाटते, प्रमोदिनी. लहानपणापासून. विहिरीत डोकावतानाही कुणाचा तरी हात धरतो मी. धीर येईल म्हणून नकाशात 'मु.' लिहीत राहिलो, आला नाही."

चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात! पोहायला या म्हटलं की ह्यांचा कान ठणकायचा. गोव्याला ह्यांनी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि हिशेबात पक्क्या असलेल्या बाईंनी त्याची बेरीज कधीच केली नव्हती.

"मग ही नाव कुणासाठी?"

"तुलाच जायचं होतं ना? तारकर्लीला म्हणालीस. समोर ती शिडाची नाव चालली होती. 'असं निघून जावंसं वाटतं,' म्हणालीस. डोळ्यांत पाणी होतं तुझ्या."

तारकर्ली प्रमोदिनीबाईंना लख्ख आठवली. गार चहावरून मुकुंदरावांनी वेटरला अर्धा तास सुनावलं होतं, मग रिक्षावाल्याला, मग त्यांना. त्या वाळूत जाऊन बसल्या आणि ते वाक्य बोलून गेल्या. समोर नाव होती हे त्यांना आज कळत होतं. त्यांना निघून जायचं होतं ते या माणसापासून.

आणि या माणसानं सहा वर्षं राबून त्यांची जायची सोय केली होती.

हर्सूलच्या तळ्याच्या बाजूनं वारा आला. शीड फुगलं आणि दांडी धाडकन फिरली, थेट मुकुंदरावांच्या डोक्याकडे. प्रमोदिनीबाईंनी दोर ओढला. विचार करून नव्हे. मूठ आवळली आणि कोपर मागे गेलं. गाडी रुळावर सरकून थांबली. दांडी मुकुंदरावांच्या कानापासून चार बोटांवर थरथरत उभी राहिली.

"आयला!" कडुबा म्हणाला.

मुकुंदराव पांढरेफटक पडले होते. प्रमोदिनीबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या आपल्या मुठीकडे बघत होत्या. दोराला ताण होता, दुसऱ्या टोकाला काहीतरी जिवंत असावं तसा. तळवा भाजत होता, तरी सोडावासा वाटत नव्हता.

"चुकलंच माझं," मुकुंदराव म्हणाले. "विचारायला हवं होतं. नाव ओढायला उद्या येणारा ट्रॅक्टर नको म्हणून सांगतो."

"तुम्ही आधी खाली उतरा."

"का?"

त्यांनी दोर हातभर सैल सोडला, पुन्हा ओढला.

"तुमच्याशिवाय ही नाव हाताला कशी लागते, ते बघू द्या मला."